जुन्या जपानी हाय-फाय यंत्रांचा बाजार : 'मूळ' या कल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

ध्वनिमुद्रित संगीत ऐकविणारी यंत्रे हा सामान्यतः समीक्षेचा विषय मानला जात नाही. समीक्षा संगीताची होते, गायकाची होते. ज्या साधनातून ते संगीत श्रोत्याच्या कानी पडते ते साधन तंत्रज्ञांच्या स्वाधीन केले जाते. १९६० ते १९९० या तीन दशकांत जपानमध्ये तयार झालेल्या अॅम्प्लिफायर, रिसीव्हर, टर्नटेबल, कॅसेट डेक व स्पीकर यांच्या बाबतीत मात्र ही वाटणी अपुरी पडते. कारखान्यातून बाहेर पडून चाळीस-पन्नास वर्षे झालेल्या या यंत्रांचा आज जगभर पसरलेला जुना बाजार आहे. तेथे प्रत्येक यंत्राची प्रतवारी लावली जाते, त्याच्या स्वरगुणांवर अभिप्राय दिला जातो आणि कोणता भाग 'मूळ' व कोणता बदललेला यावर वाद घातले जातात. खरेदी-विक्रीच्या निमित्ताने तेथे एक प्रकारची समीक्षाच चालते असे म्हणावयास हरकत नाही.

समीक्षा आहे तेथे निकष आहेत आणि निकष आहेत तेथे त्यांची तपासणी होणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात या बाजारातील सर्वांत प्रतिष्ठित निकषाचा, म्हणजे 'मूळपणा'चा, विचार केला आहे. हा निकष जसा वापरला जातो तसा तो यंत्राच्या स्वरूपाशी विसंगत आहे. यंत्राचा अस्सलपणा त्याच्या अस्पर्श राहण्यात नसून त्याच्या वाजण्यात आणि त्याच्यावर झालेल्या दुरुस्तीच्या प्रामाणिक नोंदीत आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. हा केवळ शब्दांचा वाद नाही. 'मूळ' म्हणजे काय याच्या उत्तरावर ग्राहकाची सुरक्षितता, दुरुस्ती-कारागिराच्या श्रमाचे मोल आणि खुद्द या यंत्रांचे भवितव्य अवलंबून आहे.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियोतील आकिहाबारा परिसरात रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार उभा राहिला. रेडिओ, ट्रान्सफॉर्मर किंवा स्पीकर यांपासून सुरुवात केलेल्या कंपन्या पुढे पूर्ण ध्वनिसंच बनवू लागल्या. सान्सुई ही मुळात ट्रान्सफॉर्मर बनविणारी कंपनी. पायोनियरची सुरुवात स्पीकरपासून झाली. त्रिओ, म्हणजे पुढील काळातील केनवुड, रेडिओच्या व्यवसायातून वाढली. या तिघींना जपानी श्रोते 'गोसांके' म्हणत. तोकुगावा राजवटीतील तीन प्रमुख घराण्यांसाठीचा हा शब्द ध्वनियंत्रांच्या कंपन्यांना लावला गेला, यावरूनच त्या व्यवसायाची समाजातील प्रतिष्ठा ध्यानात येते.

या प्रतिष्ठेला तंत्रज्ञानाचा आधार होता. मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स या नावाखाली १९७० मध्ये एसपी-१० हे टर्नटेबल बाजारात आणले. त्यात पट्टा किंवा रबरी चाक न वापरता मोटरच थेट तबकडी फिरवीत असे. यामाहाने १९७४ मध्ये एनएस-१००० एम या स्पीकरमध्ये बेरिलियम धातूचे घुमट वापरले. त्याच सुमारास यामाहा व सोनी यांनी व्ही-फेट जातीच्या ट्रान्झिस्टरवर आधारलेले अॅम्प्लिफायर काढले. या जातीच्या ट्रान्झिस्टरमागील मूळ कल्पना तोहोकु विद्यापीठातील संशोधक जुन-इची निशिझावा यांची होती. नाकामिचीने १९७३ मध्ये तीन स्वतंत्र हेड असलेला कॅसेट डेक सादर करून, कनिष्ठ मानल्या गेलेल्या कॅसेटला हाय-फायच्या पंक्तीत आणून बसविले.

स्पर्धेचा एक भाग मात्र आकड्यांचा होता. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९७४ मध्ये अॅम्प्लिफायरची शक्ती जाहिरातीत कशी मोजून सांगावी याचे नियम घालून दिले. फुगविलेले आकडे बंद झाले. तथापि खरे आकडे वाढविण्याची चढाओढ सुरू झाली. पायोनियरचा १९७८ मधील एसएक्स-१९८० हा रिसीव्हर प्रत्येक बाजूस २७० वॅट देणारा आणि सुमारे ३५ किलो वजनाचा होता. घरातील बैठकीच्या खोलीत एवढ्या शक्तीची गरज क्वचितच पडते. १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन महाग झाला. करारापूर्वी एका डॉलरला सुमारे २४० येन मिळत. १९८७ च्या अखेरीस सुमारे १२० मिळू लागले. निर्यात कठीण झाली तसे देशांतर्गत स्पर्धेला विशेष धार आली. एका स्पीकरची किंमत ५९,८०० येन ठेवून त्यात अधिकाधिक वजन व साहित्य घालण्याच्या या चढाओढीला जपानमध्ये '५९८ ची लढाई' असे नाव पडले. तेत्सुओ नागाओका यांच्यासारखे लोकप्रिय समीक्षक यंत्र उघडून त्याच्या भागांचे वजन करीत व किमतीशी त्याचा मेळ घालीत. वजन हा गुणाचा पुरावा ठरला. जुन्या बाजारातील आजच्या वर्णनांत यंत्राचे वजन अभिमानाने नोंदविले जाते, त्याची मुळे या काळातील समीक्षेतच आहेत.

प्रतिष्ठेचा प्रवास

जपानी ध्वनियंत्रांची आजची प्रतिष्ठा प्रारंभापासून होती, असे समजणे चुकीचे ठरेल. जपानमधील जाणकार श्रोत्यांचा आदर्श दीर्घकाळ पाश्चात्त्यच होता. आयात तबकड्या महाग असल्याने लोक ज्या जाझ-किस्सांमध्ये, म्हणजे जाझ ऐकविणाऱ्या कॉफीगृहांमध्ये, जाऊन संगीत ऐकत, त्यांपैकी अनेकांचा अभिमान अमेरिकन स्पीकर हाच असे. १९५३ मध्ये आकुतागावा पारितोषिक मिळालेले कादंबरीकार यासुसुके गोमी यांनी ध्वनिश्रवणावर विपुल लेखन केले. त्यांच्या लेखनाच्या केंद्रस्थानी मात्र टॅनॉय या ब्रिटिश कंपनीचे स्पीकर होते.

जपानी यंत्रांना नाव मिळवून देण्यात परदेशी ग्राहकांचा वाटा मोठा आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात आशियात तैनात असलेल्या अमेरिकन सैनिकांनी लष्करी भांडारांतून सान्सुई, पायोनियर, आकाई, टिआक यांची यंत्रे मोठ्या प्रमाणावर खरेदी केली व ती मायदेशी नेली. आज अमेरिकेतील जुन्या बाजारात फिरणाऱ्या यंत्रांचा एक प्रवाह तेथूनच आलेला आहे. उलट दिशेने, २०२२ नंतर येनचे मूल्य घसरले आणि २०२४ मध्ये एका डॉलरला १६० येनपर्यंत दर गेला, तेव्हा जपानमधील जुनी यंत्रे परदेशी ग्राहकांना स्वस्त पडू लागली. मूल्य हे केवळ वस्तूत नसते; चलन, युद्ध आणि वाहतूक यांनीही ते घडते.

या संदर्भात जुनइचिरो तानिझाकी यांच्या १९३३ मधील सावल्यांवरील प्रसिद्ध निबंधाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ग्रामोफोन व रेडिओ यांचा शोध जपानी माणसांनी लावला असता तर ती साधने जपानी आवाजाच्या व संगीताच्या प्रकृतीला अधिक अनुकूल झाली असती, असा विचार त्यांनी त्यात मांडला आहे. यंत्र तटस्थ नसते, हे त्यातील मर्म होय. पुढे जपानी कंपन्यांनी ही यंत्रे स्वतः घडविली; परंतु त्यांचे घोषित ध्येय कोणत्याही संस्कृतीचा रंग न चढविणारे अचूक पुनरुत्पादन हे होते. ज्या यंत्रांनी रंगहीनतेची प्रतिज्ञा केली, त्यांनाच आजचा बाजार 'जपानी आवाज' या रंगाच्या नावाने विकतो. हा विरोधाभास नजरेआड करून चालणार नाही.

बाजाराची भाषा

जपानमध्ये जुन्या वस्तूंचा व्यापार १९४९ च्या कायद्याने नियंत्रित होतो. व्यापाऱ्याला प्रांतिक सार्वजनिक सुरक्षा आयोगाचा परवाना घ्यावा लागतो. वस्तू विकावयास आलेल्या व्यक्तीची ओळख पटविणे व व्यवहाराची नोंद ठेवणे यांविषयीचे नियम त्यात आहेत. चोरीच्या मालाला आळा घालणे हा या कायद्याचा प्रमुख हेतू आहे. वस्तू कोणाकडून आली याची वही ठेवली जाते. त्या वस्तूच्या अंतरंगात काय घडले आहे याच्या वहीची मात्र सक्ती नाही. ती उणीव बाजाराची भाषा भरून काढू पाहते.

या भाषेत यंत्राची स्थिती सांगणारे काही ठरीव शब्द आहेत. 'दोसा-हिन' म्हणजे चालू यंत्र. 'गेन्जो' म्हणजे आहे त्या स्थितीत. 'बिहिन' म्हणजे देखणी, ओरखडे नसलेली वस्तू. 'सेइबी-झुमी' म्हणजे देखभाल-दुरुस्ती झालेले यंत्र. सर्वांत शेवटी 'जंक'. या शब्दाचा सरळ अर्थ भंगार असा असला तरी व्यापारातील अर्थ वेगळा आहे. विक्रेता या यंत्राविषयी कसलाही दावा करीत नाही, हमी देत नाही आणि ते परत घेणार नाही, एवढेच त्यातून सांगितले जाते. हार्ड ऑफ ही जुन्या वस्तूंच्या दुकानांची साखळी १९९३ मध्ये निइगाता प्रांतात सुरू झाली. तिचा संस्थापक त्यापूर्वी नवी ध्वनियंत्रे विकण्याच्याच व्यवसायात होता. या दुकानांतील 'जंक' विभागाने हा शब्द सर्वसामान्य ग्राहकापर्यंत पोहोचविला.

या शब्दांची चिकित्सा केली असता एक विसंगती दिसून येते. वरकरणी सर्वांत हीन वाटणारा 'जंक' हा शब्द वस्तुतः सर्वांत प्रामाणिक आहे. कारण त्यात दावाच नाही. 'चालू' या शब्दाचा अर्थ मात्र संदिग्ध राहतो. दिवा लागला म्हणजे यंत्र चालू, दोन्ही बाजूंनी आवाज आला म्हणजे चालू, की दोन तास वाजवूनही आवाजात फरक पडला नाही म्हणजे चालू, हे शब्दावरून कळत नाही. 'देखणे' हा शब्द डोळ्यांचा आहे. ध्वनियंत्राच्या बाबतीत तो कानाची जागा घेतो. 'दुरुस्त केलेले' हा शब्द सर्वांत अधिक किंमत मिळवून देतो आणि त्याचीच पडताळणी सर्वांत कठीण असते. कोणते भाग बदलले, कोणत्या दर्जाचे बसविले, डाख कसा दिला, समायोजन कोणत्या मापाने केले, यांपैकी काहीच झाकण बंद असताना दिसत नाही.

काळाचा परिणाम

'मूळ' या शब्दाची अडचण समजण्यासाठी यंत्राच्या आत काळ काय करतो हे पाहणे क्रमप्राप्त आहे. अॅम्प्लिफायरमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये रासायनिक द्रव असतो. तो कालांतराने आटतो किंवा पाझरतो. तापमान दहा अंशांनी उतरले तर अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा अभियांत्रिकीतील ढोबळ नियम आहे. त्याचा व्यत्यास असा की, तापणाऱ्या अॅम्प्लिफायरमध्ये ते झपाट्याने घटते. स्पीकरच्या शंकूभोवतीची फोमची कड हाताळताच चुरा होते. कॅसेट डेकमधील रबरी पट्टे चिकट डांबरासारखे होतात. काही यंत्रांत भाग जागेवर धरून ठेवण्यासाठी लावलेला डिंक कालांतराने तपकिरी पडतो व लगतच्या तारा कुरतडतो. काहीही न बदलता पन्नास वर्षे ठेवलेले यंत्र मूळ स्थितीत नसते. ते केवळ अस्पर्श असते. त्यातून निघणारा आवाज हा १९७५ चा आवाज नव्हे. १९७५ च्या आवाजावर पन्नास वर्षांनी केलेला तो परिणाम होय.

येथे 'मूळ' या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांसमोर उभे राहतात. एक अर्थ साहित्याचा, म्हणजे कारखान्यात बसविलेले तेच भाग. दुसरा अर्थ कार्याचा, म्हणजे कारखान्याने अपेक्षिलेली तीच वर्तणूक. पहिला जपला तर दुसरा हरवतो. दुसरा जपावयाचा तर पहिल्याला हात लावावा लागतो. बाजार या दोहोंतील निवड ग्राहकापुढे स्पष्टपणे ठेवीत नाही. एकाच जाहिरातीत 'पूर्णतः मूळ' आणि 'नव्यासारखा आवाज' हे दोन्ही दावे शेजारीशेजारी आढळतात. शास्त्रीयदृष्ट्या ते क्वचितच एकत्र नांदू शकतात.

काही यंत्रांत ही निवडही हिरावली गेलेली आहे. व्ही-फेट अॅम्प्लिफायरमधील ट्रान्झिस्टर आता तयार होत नाहीत. ते जळाले तर दुसऱ्या मृत यंत्रातून काढूनच बसवावे लागतात. त्यामुळे एक यंत्र जगविण्यासाठी दुसरे मोडावे लागते. दुर्मीळ ट्रान्झिस्टरच्या नावाखाली बनावट मालही विकला जातो. क्रमांक खरा, आतील अर्धवाहक भलताच. मूळपणाचा हव्यासच बनावटीला बाजारपेठ मिळवून देतो, हे येथे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

कायद्याने केलेली व्याख्या

'मूळ' आणि 'जुने' यांचे मूल्य ठरविण्याची वेळ एकदा जपानच्या शासनावरही आली. विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेसंबंधीचा नवा कायदा एप्रिल २००१ पासून अमलात आला. त्यानुसार उपकरणांवर 'पीएसई' हे चिन्ह असणे आवश्यक झाले. अनेक प्रकारच्या उपकरणांसाठी दिलेली पाच वर्षांची सवलत ३१ मार्च २००६ रोजी संपत होती. हे बंधन वापरलेल्या वस्तूंनाही लागू आहे, ही बाब अनेक व्यापाऱ्यांच्या ध्यानात ती मुदत तोंडावर आल्यावरच आली. चिन्हाविना तयार झालेली जुनी अॅम्प्लिफायर, सिंथेसायझर, टर्नटेबल यांची विक्री एका तारखेनंतर बेकायदा ठरणार होती. व्यापाऱ्यांबरोबर संगीतकारही विरोधात उतरले. र्युइची साकामोतो हे त्यांतील सर्वपरिचित नाव होय. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वाक्षरीमोहीम चालविली.

शासनाने माघार घेतली. परंतु ती ज्या मार्गाने घेतली तो मार्ग समीक्षेच्या दृष्टीने उद्बोधक आहे. एक मार्ग असा की, व्यापाऱ्याने यंत्राची विद्युतरोधक चाचणी स्वतः करावी व चिन्ह लावावे. मात्र तसे करताना तो कायद्याच्या दृष्टीने त्या यंत्राचा 'निर्माता' ठरे. दुसरा मार्ग असा की, शासनाने 'व्हिंटेज' मानावयाच्या वस्तूंची यादी प्रसिद्ध करून त्यांना सूट दिली. उत्पादन बंद झालेले असणे, दुसऱ्या वस्तूने सहज भागणार नाही असे मूल्य असणे आणि हाताळणीची जाण असलेल्या व्यक्तीला विक्री होणे, अशा स्वरूपाच्या अटी त्यामागे होत्या. अखेर २००७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून जुनी सुरक्षाचिन्हे असलेल्या वापरलेल्या वस्तूंचा प्रश्न सोडविण्यात आला.

या प्रकरणातून दोन विचार हाती येतात. जुने यंत्र तपासून, त्याची जबाबदारी घेऊन विकणारा माणूस काही अंशी त्याचा निर्माता होतो, हे तत्त्व कायद्याने नकळत मान्य केले. व्यापाऱ्यांना ते ओझे वाटले. तात्त्विकदृष्ट्या मात्र ते योग्य आहे. दुसरे असे की, 'व्हिंटेज' या शब्दाची शासकीय व्याख्या केवळ वयावर किंवा दुर्मीळतेवर आधारलेली नव्हती. तीत जाणकार वापरकर्ता अंतर्भूत होता. ज्याला हाताळता येते त्याच्या हाती असतानाच वस्तूला ते मूल्य आहे, असा तिचा आशय होतो. बाजाराने मात्र या व्याख्येतील दुर्मीळता तेवढी उचलली व जाणकार माणसाचा विसर पडू दिला.

चार यंत्रे, चार मूल्ये

प्रत्यक्ष उदाहरणांवरून हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. टेक्निक्सचे एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२ मध्ये घरगुती श्रोत्यांसाठी निघाले. १९७९ मधील त्याची एमके-२ ही आवृत्ती डिस्कोतील वापर ध्यानात घेऊन घडविलेली होती. या मालिकेचे उत्पादन २०१० मध्ये थांबले व २०१६ मध्ये नव्या रूपात पुन्हा सुरू झाले. हजारो हातांनी तबकड्या मागेपुढे फिरविल्या तरी ते टिकले, हेच त्याचे मोल. त्याच्या बाबतीत वापराची खूण हा दोष नसून क्षमतेचा पुरावा आहे.

यामाहाचा एनएस-१० एम हा पांढऱ्या शंकूचा लहान स्पीकर १९७८ मध्ये घरगुती वापरासाठीच आला. घरात तो कर्कश वाटला. परंतु ध्वनिमुद्रणगृहांनी त्याला आपलेसे केले. मिश्रणातील उणिवा तो निर्दयपणे उघड करी. त्याचे उत्पादन २००१ मध्ये थांबले. येथे मूल्य सौंदर्याचे नाही, तर परिचयाचे आहे. ज्या ध्वनिसंकलकाला त्याचा स्वभाव वर्षानुवर्षे ठाऊक आहे, त्याच्याच हाती तो मोलाचा ठरतो.

नाकामिचीचा 'ड्रॅगन' हा १९८२ मधील कॅसेट डेक वेगळ्या प्रकारचा आहे. ध्वनिफितीशी हेडचा कोन अचूक जुळावा म्हणून वादनाच्या वेळी तो कोन यंत्र स्वतः मोटरने सुधारीत जाते. या करामतीमुळेच त्याची दुरुस्ती विलक्षण अवघड आहे. ती करू शकणारे कारागीर थोडे. 'ड्रॅगन' विकत घेणारा प्रत्यक्षात एका कारागिराच्या उपलब्धतेवर पैज लावीत असतो. किमतीच्या चिठ्ठीवर मात्र कारागिराचा उल्लेख नसतो.

या तिन्हींच्या तुलनेत डेनॉनचे डीएल-१०३ हे तबकडीवरील सुईचे कार्ट्रिज ठेवून पाहावे. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेच्या गरजेसाठी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते विकसित झाले आणि त्यानंतर त्याचे उत्पादन अनेक दशके चालू राहिले. रचना जुनीच, तरीही नवे कोरे मिळत असल्याने त्याला दुर्मीळतेचे वलय लाभले नाही. गुण तोच असून वलय नाही, यावरून बाजारातील वलय गुणाचे नसून अभावाचे आहे हे सिद्ध होते. यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगात कलाकृतीचे तेजोवलय लोपते, असे वाल्टर बेंजामिन यांनी १९३० च्या दशकात मांडले. येथे पुनरुत्पादन करणाऱ्या यंत्रालाच वलय प्राप्त झाले आहे; आणि तेही त्याचे स्वतःचे पुनरुत्पादन थांबल्यानंतर.

देशांतर आणि अर्थांतर

यंत्र देश बदलते तेव्हा 'मूळ' हा शब्द आणखी अडचणीत येतो. जपानमधील घरगुती वीजपुरवठा १०० व्होल्टचा आहे. पूर्व भागात ५० हर्ट्झ व पश्चिम भागात ६० हर्ट्झ. भारतात तो २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनविलेले यंत्र योग्य ट्रान्सफॉर्मरविना येथे लावल्यास ते जळण्याचा व आग लागण्याचा धोका असतो. त्या काळातील जपानी ट्यूनर ७६ ते ९० मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा पकडतो. भारतातील एफएम केंद्रे ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये असल्याने त्यांतील बहुतेक त्याला ऐकू येत नाहीत. याउलट निर्यातीसाठी व लष्करी भांडारांसाठी काढलेल्या अनेक यंत्रांच्या पाठीमागे व्होल्टेज निवडण्याची सोय असे. 'केवळ जपानसाठी बनविलेले' ही पाटी संग्राहकाला भूषण वाटते. परदेशातील श्रोत्याच्या दृष्टीने मात्र ते अनेकदा न्यून असते.

महाराष्ट्राच्या संदर्भात या विषयाला आणखी एक पदर आहे. १९९१ पूर्वीच्या आयातनिर्बंधांच्या काळात जपानी ध्वनियंत्र ही मुख्यतः परदेशातून परतणाऱ्यांच्या सामानातून किंवा चोरट्या मार्गाने येणारी वस्तू होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील सुट्या भागांची दुकाने व चोरबाजार यांच्या आधाराने ती जिवंत ठेवली गेली. त्यानंतर 'सान्सुई' हे नाव येथील सामान्य ग्राहकाला कळले ते औरंगाबादशी निगडित असलेल्या व्हिडिओकॉन उद्योगसमूहाने विकलेल्या दूरचित्रवाणी संचांमुळे. जपानमधील मूळ सान्सुई कंपनी २०१४ मध्ये दिवाळखोर ठरली. नाव एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर जाऊ शकते; ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्या कारागिराचे कौशल्य नावाबरोबर जात नाही. नाममुद्रेवरून मूल्य ठरविणाऱ्या ग्राहकाने हा भेद ध्यानी घेणे आवश्यक आहे.

पाठचिकित्सेचा दृष्टान्त

अस्पर्शता हा निकष टिकत नसेल तर त्याऐवजी कोणता निकष स्वीकारावा, हा प्रश्न उरतो. या ठिकाणी ग्रंथसंपादनाचा दृष्टान्त उपयुक्त ठरेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेले व १९६६ मध्ये पूर्ण केलेले महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य सर्वज्ञात आहे. त्या संपादकांनी 'हेच मूळ महाभारत' असा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांवरून सर्वांत समर्थनीय पाठ निवडणे आणि नाकारलेले पाठभेद पृष्ठाच्या तळाशी नोंदवून वाचकाला तपासणीची संधी देणे, ही त्यांची पद्धती होती. संपादकाने हस्तक्षेप केला, परंतु तो उघड केला. विश्वासार्हता हस्तक्षेपाच्या अभावात नसून त्याच्या नोंदीत होती.

जुन्या ध्वनियंत्राची दुरुस्ती हे याच जातीचे कार्य आहे. सेवापुस्तिकेतील मंडल-आरेखन हा त्याचा आधारपाठ. आटलेला कपॅसिटर ही काळाने केलेली पाठभ्रष्टता. तो बदलताना कारागीर एक निर्णय घेतो: त्याच मूल्याचा भाग घालावा की अधिक चांगला समजला जाणारा, मूळ आरेखनातील उणीव तशीच ठेवावी की सुधारावी. सुधारणा करणे हा दोष नव्हे. सुधारणा करून 'मूळ' म्हणून विकणे हा प्रक्षेप होय. म्हणून बदललेल्या भागांची यादी, काढून ठेवलेले जुने भाग, समायोजनापूर्वीची व नंतरची मापे आणि दुरुस्तीची तारीख यांसह विकलेले यंत्र हे कोणत्याही 'पूर्णतः मूळ' यंत्रापेक्षा अधिक अस्सल मानले पाहिजे.

या भूमिकेवर एक आक्षेप संभवतो. काही यंत्रे इतिहासाचा पुरावा म्हणून तशीच राखली जावीत. सर्वच दुरुस्त केली तर मूळ भागांविषयीचे ज्ञान नष्ट होईल, असा तो आक्षेप आहे. तो ग्राह्य आहे. परंतु त्याचे क्षेत्र संग्रहालयाचे आहे, बाजाराचे नव्हे. शिवाय संग्रहालयीन जतनातही श्रवणाला स्थान देता येते. गोमी यांचे १९८० मध्ये निधन झाले. त्यांचा ध्वनिसंच पुढे टोकियोतील नेरिमा प्रभागाच्या ताब्यात आला. तो केवळ काचेआड ठेवला गेला नाही. दुरुस्त करून त्यावर नागरिकांसाठी तबकड्या वाजविण्याचे कार्यक्रम झाले. एका लेखकाच्या श्रवणाचे स्मारक श्रवणानेच होऊ शकते, ही जाण त्यामागे दिसते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, जुन्या जपानी हाय-फाय यंत्रांच्या बाजारात एकाच वेळी दोन मूल्यव्यवस्था वावरत आहेत. एक संग्राहकाची, जी अस्पर्शता, दुर्मीळता, वजन व नाममुद्रा यांना मान देते. दुसरी श्रोत्याची, जी यंत्राच्या वर्तणुकीला, दुरुस्तीच्या शक्यतेला व नोंदीला मान देते. दोहोंचा शब्दसंग्रह एकच असल्याने पहिलीचे भाव दुसरीच्या ग्राहकाकडून वसूल होतात. हा केवळ आर्थिक अन्याय नाही. अस्पर्श यंत्राला अधिक किंमत मिळत राहिली तर ते न उघडण्यात विक्रेत्याचा लाभ असतो. उघडले न गेलेले यंत्र आतून झिजत जाते. आणि ते उघडू शकणारा कारागीर कामाअभावी व्यवसाय सोडतो. ज्या पिढीने ही यंत्रे कारखान्यात जुळविली ती आता वृद्ध झाली आहे. तिचे कौशल्य पुढील हातांत गेले नाही तर सर्वांत देखणे यंत्रही भंगाराच्या वाटेवरच आहे.

तेव्हा ग्राहकाने विक्रेत्याला विचारावयाचा पहिला प्रश्न 'हे मूळ आहे काय' असा नसून 'याच्यावर कोणी, केव्हा व काय काम केले' असा असला पाहिजे. या प्रश्नाला उत्तर देणारा विक्रेता किंमत अधिक मागत असेल तर ती नोंदीची व श्रमाची किंमत आहे, आणि ती न्याय्य आहे. चोरीचा माल ओळखण्यासाठी कायद्याने व्यापाऱ्याला वही ठेवावयास लावली. यंत्राची दुसरी वही ठेवण्याची सक्ती कोणी केलेली नाही. ती स्वेच्छेने ठेवणारे व्यापारी व कारागीर हेच या बाजारातील खरे समीक्षक होत. ही यंत्रे आणखी काही काळ वाजती राहतील, तर ती त्यांच्याच प्रामाणिकपणामुळे.